रक्त बोलतं, ते फक्त दत्तक लेकीचंच का?

पत्र, थोडक्यात: "मी ५९ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. आम्ही फलटणला राहतो. मुलगी पाच महिन्यांची असताना दत्तक घेतली आणि ती सहा वर्षांची झाल्यावर तिला तसं सांगितलंही. आता ती २७ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. हे तरुणपणापासून सेवा दलात, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात. घरात देव्हारा नाही. माझे सासरे मात्र माळकरी होते, त्यांनी पस्तीस वर्षं वारी केली. शेवटची सहा वर्षं ते आमच्याकडेच होते. मुलगी दहा वर्षांची असताना गेले. तीन वर्षांपूर्वी मुलीने माळ घातली. एकादशी धरते, दरवर्षी आळंदीपासून चालते. मतसुद्धा आम्ही ज्यांना जन्मात दिलं नाही त्यांना देते. मागच्या महिन्यात एका लग्नात नणंद म्हणाली, 'वहिनी, कितीही केलंत तरी शेवटी रक्त बोलतंच.' पाठोपाठ ह्यांच्या वाचनात आलं, की धार्मिकता आणि राजकीय कल निम्मा जीन्समधून येतो. तेव्हापासून हे गप्प आहेत. एकदाच म्हणाले, 'म्हणजे आपण सत्तावीस वर्षं नुसते राखणदार.' तिच्या जन्मदात्यांचा शोध घ्यावा, नाहीतर निदान डीएनए तपासणी करावी, असंही त्यांच्या मनात घोळतंय. आता मुलीचा फोन आलाय. यंदा पालखी फलटणला असताना दिंडीतल्या बारा जणींना घेऊन आंघोळीला आणि जेवायला येऊ का, असं विचारते आहे. मी तिला काय सांगू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी नणंदेचं बघू, कारण काटा तिथे रुतलाय.

तिच्या वडिलांनी पस्तीस वर्षं वारी केली आणि त्यांच्या सख्ख्या मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी, ऐन तारुण्यात देव सोडला. तेव्हा घरात आदळआपट झाली असेल, अबोला झाला असेल. संगत वाईट म्हणाले असतील, पुस्तकांनी डोकं फिरवलं म्हणाले असतील. पण 'रक्त बोललं नाही' असं कुणी म्हणालं? पोटचं पोर बापाच्या उलट गेलं की ते त्याचं वय, त्याची संगत, त्याचं नशीब. दत्तक पोर उलट गेलं की लगेच रक्त! हे रक्त फार सोयीने तोंड उघडतं. नणंदेला उलटून बोला असं मी सांगत नाही. लग्नाच्या मांडवात माणसं बरंच काही बोलून जातात. फक्त तिच्या वाक्याला शास्त्राचा शिक्का मिळालाय असं तुम्ही दोघांनी धरून चालू नका. यजमानांनी जे वाचलं त्याचा आणि नणंदेच्या म्हणीचा संबंध त्यांना वाटतो तितका नाही.

ते 'निम्मं' आलं कुठून, ते सांगते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली जन्मतःच किंवा लहानपणी ताटातूट झालेल्या जुळ्यांना शोधून काढायला सुरुवात केली. अशा शंभराहून जास्त जोड्या त्यांना मिळाल्या. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांचे जीन्स जवळपास तंतोतंत सारखे असतात. दोन बीजांपासून झालेल्यांचे सरासरी निम्मे सारखे, म्हणजे साध्या भावंडांइतकेच. पहिल्या प्रकारची जुळी एखाद्या बाबतीत दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर त्या बाबतीत जीन्सचा हात आहे असं अनुमान निघतं. १९९० साली या गटाने धार्मिक ओढीबद्दलचा निष्कर्ष छापला: माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा जनुकीय फरकाशी जोडता येतो.

यात 'माणसामाणसांतला फरक' हे शब्द महत्त्वाचे, आणि बातमी होताना नेमके तेच गळतात. तुमच्याकडे ऊस आहे, म्हणून उसाचंच उदाहरण घेते. ऊस कांडीपासून लावतात, त्यामुळे एका जातीचा सगळा ऊस म्हणजे एका अर्थी जुळ्यांचीच पलटण. सगळ्या शिवारात एकच बेणं, समजा ८६०३२ ही एकच जात, लावलं; कुणाला ठिबक, कुणी कालव्याच्या शेपटाला. उतारा कमीजास्त पडेल आणि तो सगळा फरक पाणी-खताचा असेल. त्या शिवारात 'बेण्याचा वाटा' शून्य टक्के! उलट एकाच रानात, एकाच पाण्यावर पाच जातींचं बेणं लावलं, तर जवळपास सगळा फरक बेण्याचा ठरेल. बेण्यात काहीच बदललं नाही, आकडा मात्र शून्यावरून शंभराकडे गेला. तो आकडा शिवाराचा असतो, एका उसाचा नसतो. तसंच अमेरिकेतल्या जुळ्यांवरून काढलेला आकडा उचलून तुमच्या लेकीच्या कपाळावर 'पन्नास टक्के रक्त, पन्नास टक्के आई-बाबा' असा चिकटवता येत नाही.

आणि त्या जुळ्यांमध्येच एक जोडी अशी होती, की ती यजमानांनी जरूर ऐकावी. ऑस्कर श्टोर आणि जॅक युफे. जन्म १९३३, त्रिनिदाद. वडील ज्यू, आई जर्मन कॅथलिक. सहा महिन्यांचे असताना आई-वडील वेगळे झाले. ऑस्कर आईबरोबर जर्मनीत गेला, कॅथलिक म्हणून वाढला आणि पोरवयात हिटलरच्या युवक संघटनेत होता. जॅक त्रिनिदादला वडिलांकडे ज्यू म्हणून वाढला, पुढे इस्राएलला गेला, तिथल्या नौदलात राहिला. १९५४ साली दोघं पहिल्यांदा भेटले, तेही अवघडूनच. १९७९ साली बुशार्डच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा दोघांच्या मिशा सारख्या, चष्मे सारखे, सदऱ्याची धाटणीसुद्धा सारखी. दोघांनाही मनगटात रबरबँड अडकवायची सवय. दोघंही संडास वापरण्याच्या आधी पाणी ओढायचे. वृत्तपत्रांनी या रबरबँडवर रकाने भरले. (एका जोडीवरून शास्त्र होत नाही, हेही खरं. दोन परके समवयस्क पुरुष शोधले तरी चार विचित्र सवयी जुळतील.) मला मात्र रबरबँडपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं नवल वाटतं. जीन्स तेच, आणि देव कोणता, देश कोणता, शत्रू कोण, या प्रत्येक प्रश्नाला दोघांची उत्तरं पार विरुद्ध. तापट दोघंही होते म्हणतात. राग कुणावर काढायचा, ते मात्र घराने आणि गावाने शिकवलं.

आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत: पिंड आणि वळण. जीन्सचा हात दिसतो तो पिंडात. नव्याची ओढ की ओळखीच्याची, शिस्त आवडते की मोकळीक, एखाद्या गोष्टीत झोकून द्यायचं की काठावर उभं राहायचं, असलं काही. त्या पिंडाला कोणता पंथ, कोणता पक्ष, कोणता झेंडा मिळतो ते वळणाचं काम. २००५ साली जॉन अल्फोर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो जुळ्यांच्या माहितीवरून राजकारणाचा हिशेब मांडला. कर, फाशी, गर्भपात, शाळेतली प्रार्थना अशा प्रश्नांवरची मतं एकत्र केली तर एकूण कलात जीन्सचा वाटा ४३ टक्क्यांच्या आसपास, घरातल्या सामायिक वातावरणाचा २२. पण 'तुमचा पक्ष कोणता' असं विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं. जीन्स १४, घर ४१. धर्माचंही तसंच: आपण स्वतःला कोणत्या पंथाचं म्हणवतो हे जवळजवळ पूर्ण घरादारावर ठरतं. तो पंथ किती मनापासून पाळतो, यात पिंड डोकावतो. म्हणजे तुमच्या लेकीच्या जन्मदात्यांकडून तिला कदाचित भावनेची उत्कटता मिळाली असेल. तुळशीची माळ पेशीतून येत नाही.

यजमान म्हणतील, मग एखादा 'देवाचा जीन' असल्याचं ऐकलं होतं ते काय? २००४ साली डीन हेमर या अमेरिकन संशोधकाने त्या नावाचं पुस्तकच काढलं होतं. व्हीमॅट२ नावाच्या एका जीनशी त्याने आध्यात्मिकतेची गाठ मारली. गवगवा खूप झाला, पण ज्याची इतर तज्ज्ञांनी छाननी केली असा शोधनिबंध त्यामागे नव्हता. राजकीय कलाचंही तेच. २०१४ साली पाच लोकशाही देशांतल्या जुळ्यांचा एकत्रित अभ्यास झाला. जुळ्यांच्या तुलनेत जीन्सचा वाटा पुन्हा दिसला, पण त्याच अभ्यासात सगळा जीनोम, म्हणजे माणसाचा पूर्ण जनुकसंच, चाळून 'हा घ्या तो जीन' असं बोट ठेवता येईल अशी एकही खात्रीची जागा सापडली नाही. असलंच तर हजारो बारीकसारीक फरकांचं मिळून काहीतरी आहे.

एक जीन खरोखर काय करू शकतो हे बघायचं असेल तर तुम्हाला गावाबाहेरही जायला नको. फलटणच्या निंबकर संस्थेत सुंदरबनाकडच्या गारोळ मेंढ्यांमधला फेकबी नावाचा जीन आपल्या दख्खनी मेंढीत आणला. त्या एका बदलाने मेंढ्या जुळी कोकरं द्यायला लागल्या. 'नारी सुवर्णा' ती हीच. कोकरं मोजता येतात, पिढीगणिक तपासता येतात. भक्ती किंवा मतदान त्या जातीची गोष्ट नव्हे.

निंबकरांचं नाव निघालं म्हणून एक आडवळण घेतेच. संस्था काढणाऱ्या बनविहारी निंबकरांच्या सासूबाई इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएचडीला होत्या. गोऱ्यांची कवटी एका बाजूला जास्त भरलेली असते आणि त्यांचं श्रेष्ठत्व त्यातून दिसतं, हे फिशरला सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक नाही असं गुरूच्या तोंडावर लिहून दिलं. 'रक्त बोलतं' या समजुतीने पुढे जर्मनीत काय केलं ते जगाला ठाऊक आहे. आणि याच इरावतीबाई, सासरे महर्षी कर्वे, दीर र. धों. कर्व्यांसारखा कडवा नास्तिक, अशा घरातल्या सूनबाई, ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या. त्यांनी वारीवर लेख लिहिला आणि महाराष्ट्राची ओळखच पंढरीला जाणाऱ्या लोकांवरून सांगितली. त्यांना कुणी रक्ताचा हिशेब मागितल्याचं ऐकलं नाही. यजमानांना त्यांचं नाव सांगून बघा. सेवा दलाच्या माणसाला इरावतीबाई परक्या नसणार.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. सत्तावीस वर्षं वाया गेली का?

इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. मूल घरात असेपर्यंत आई-बापाचा रंग गडद असतो आणि घर सुटलं की तो फिका होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मिनेसोटातल्याच २००५ च्या एका अभ्यासात प्रौढ जुळ्या पुरुषांना त्यांची लहानपणची आणि आताची धार्मिकता विचारली. लहानपणीच्या फरकात जीन्सचा वाटा १२ टक्के आणि घराचा ५६. मोठेपणी जीन्स ४४, घर १८. (लहानपणचं त्यांनी आठवून सांगितलं होतं, तेवढी सूट धरा.) राजकीय मतांचंही साधारण विशीपर्यंत घरच वरचढ आणि पुढे पिंड डोकं वर काढतो, असं २००९ साली पीटर हतेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. पण ताई, ही जुळी दत्तक नव्हती. ती आपापल्या जन्मदात्यांकडेच वाढलेली होती. विशीत पाखरू स्वतःच्या पंखांनी उडायला लागतं, हा पोटच्या पोरांचा हिशेब आहे. तुमच्या यजमानांचाही तोच. ते घर सोडून सेवा दलात गेले तेव्हा किती वर्षांचे होते, विचारा त्यांना.

दत्तक घरांबद्दलही खास अभ्यास झालेत. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या मतदानाची नोंद तपासली तेव्हा जन्मदाते मतदानाला जातात की नाही याची छाया तिच्यात दिसली, आणि वाढवणाऱ्यांचीही दिसली. अमेरिकेत २०२१ साली ३९४ कुटुंबांचा अभ्यास छापून आला. काही दत्तक, काही रक्ताची, मुलं तिशी ओलांडलेली. धार्मिकतेत जीन्सचा हात मोठा निघाला. यजमानांना हे डाचेल, पण लपवत नाही. राजकीय कल आणि समतेबद्दलची भूमिका यांत मात्र आई-वडिलांनी घडवलेल्या वातावरणाचा ठसा सगळ्यात जास्त होता, आणि तो तिशीनंतरही टिकून होता. समतेबद्दलची भूमिका! तुमची लेक मत कुणालाही देवो. बारा बायकांना रांगेत उभं न करता थेट स्वतःच्या न्हाणीघरात घेऊन यायचं तिच्या मनात येतं, यात मला सेवा दलाच्या बापाची मुलगी स्पष्ट दिसते. त्या बारा जणी कोणत्या जातीच्या, असं तिने फोनवर सांगितलं नसणार. तुम्हीही विचारलं नसणार.

आणि आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात. शेवटची सहा वर्षं सासरे तुमच्याकडे होते. मुलगी तेव्हा चार ते दहा वर्षांची. संध्याकाळी ओसरीवर म्हातारा हरिपाठ म्हणत असेल आणि शेजारी कोण बसलेलं असेल? मी तिथे नव्हते, तुम्ही होता. आठवून बघा. आजोबांचा एक मुलगा वारीला गेला नाही. तुमच्या पत्रावरून तरी त्यांची मुलगी, म्हणजे नणंदबाईही, गेलेल्या दिसत नाहीत. म्हाताऱ्याची वारी सख्ख्या रक्ताने टाकली आणि रक्ताचा एक थेंबही ज्या नातीत नाही तिने ती उचलली. वळणाचं पाणी वळणाला जातं म्हणतात ना? ते वळण तुमच्याच घरातलं आहे, फक्त एक पिढी ओलांडून गेलंय. यजमानांना याचंच तर दुःख नसेल? ज्या बापाशी त्यांचा वाद अर्धवट राहिला, तो बाप आता लेकीच्या तोंडून बोलतोय. तसं असेल तर हे दुखणं जनुकशास्त्राचं नव्हे. त्यावर इलाज लेकीकडे नाही, त्यांच्या स्वतःकडे आहे. तुम्ही मध्ये पडून समजूत घालू नका. वडिलांची एखादी आठवण काढा आणि गप्प बसा.

शोध आणि तपासणीबद्दल थोडक्यात. डीएनए तपासणीतून 'भक्तीचं प्रमाण' असा रकाना येत नाही, त्यात पैसे घालू नका. जन्मदात्यांचा शोध हा तुमचा विषयच नाही. दत्तक नियमांप्रमाणे १८ वर्षांनंतर मूल स्वतः अर्ज करून आपल्या मुळाची चौकशी करू शकतं. तो तिचा हक्क आहे, तिला कधी वाटलं तर तिच्यासोबत जा. पण बापाने लेकीच्या माळेचा खुलासा मिळवायला तिच्या पाठीमागे तो शोध घेणं, हे मला अजिबात पटत नाही. तिला कळलं तर नणंदेच्या वाक्यापेक्षा ते जास्त लागेल.

तेव्हा फोन करा आणि 'ये' म्हणा. 'बाबांना विचारून सांगते' असं म्हणू नका. घर तुमचंही आहे.

तयारीचं सांगते, कारण वारीला गेलेल्या बायकांकडून ऐकलंय. त्यांना पंचपक्वान्न नको असतं. फलटणच्या विमानतळावर पालखीचा तळ पडतो तिथे गर्दी म्हणजे महासागर असतो, आणि बायकांची खरी पंचाईत आंघोळीची आणि शौचालयाची. पहाटे तीनपासून पाणी तापत ठेवा, गीझरच्या भरवशावर राहू नका, माळ्यावर बंब असेल तर तो काढा. धुणं वाळत घालायला गच्चीवर दोन दोऱ्या जादा बांधा, आषाढात लवकर सुकत नाही. मोबाइल चार्ज करायला दोन एक्स्टेंशन बोर्ड. पायांना लावायला तेल. जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा आणि भात पुष्कळ झाला. माळकरी आहेत, तेव्हा कांदा-लसूण चालतो का ते लेकीला आधी विचारून घ्या.

देव्हारा नाही म्हणून संकोच करू नका, त्या काही तुमच्याकडे दर्शनाला येत नाहीत. यजमानांनी पाया पडून घेऊ नये, पडूही नये. त्यांची तत्त्वं त्यांनी सांभाळावीत. फक्त बंबाचं काम त्यांच्याकडे द्या. बारा जणींचं पाणी तापवायचं म्हणजे पहाटे तास-दीड तास जाळाशी बसावं लागतं, आणि लेक लवकर उठून तिथेच येऊन बसेल असा माझा अंदाज आहे. लहानपणी ती बंबाशी कुणाजवळ बसायची, ते मला कळवा.